एका कॉलला एक प्रश्न

ट्रंक बोर्डावर बसणाऱ्या आम्हा मुलींना नाव नव्हतं. घरी होतं, हजेरीच्या रजिस्टरात होतं, पण हेडसेट डोक्यावर चढवला की ते संपलं. लाइनवर नाव सांगायचं नाही असा नियमच होता, कारण एकदा नाव कळलं की एखादं रिकामटेकडं गिऱ्हाईक रोज तीच मुलगी मागायचं. तक्रार करणाऱ्याला आपला नंबर सांगायचा आणि दुसऱ्या गावच्या ऑपरेटरला आपल्या गावाचं नाव. मी नागपूर होते. पलीकडे वर्धा, भंडारा, काटोल, कामठी. आमच्या डब्याच्या सुट्टीतल्या गप्पा बाहेरच्या कुणी ऐकल्या असत्या तर त्याला वेड लागलं असतं. ‘भंडाऱ्याले आज सर्दी झाली.’ ‘काटोल लय तिरसट हाय वं.’ ‘वर्धेचं लग्न जमलं, आता नवी वर्धा येईल.’

सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. मी एकवीस वर्षांची, आमच्या विणकरांच्या गल्लीतून नोकरीला लागलेली पहिली मुलगी. सक्करदऱ्याहून सायकल मारत यायचं, घाम पुसायचा आणि त्या लांबलचक लाकडी बोर्डासमोर आपल्या खुर्चीत बसायचं. समोर भोकंच भोकं, खाली दोऱ्यांच्या जोड्या, त्यांच्या पुढ्यात बोटाएवढ्या कळा. कळ आपल्याकडे ओढली की आपण लाइनवर बोलू शकतो, मधे सोडली की लाइनमधून बाहेर. तोंडासमोरचा बोलण्याचा कर्णा गळ्यात अडकवलेला असायचा, त्यामुळे हात मोकळे राहायचे. या कळेबद्दल पुढे बोलायचंच आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

मला भोचकपणाची खोड लहानपणापासूनची. रस्त्यानं चाललेल्या बाईच्या पिशवीत कोणती भाजी आहे हे मला कळलंच पाहिजे. गल्लीत कुणाकडे पाहुणे आले तर आई मला पाणी द्यायला पाठवायची नाही, कारण मी पाणी देऊन तिथंच बसायचे आणि चौकशा करायचे. अशा मुलीला माणसांना माणसांशी जोडून देण्याची नोकरी मिळाली, आणि वर तंबी मिळाली की त्यांचं बोलणं ऐकायचं नाही. देवानं माझी गंमतच केली होती.

उमरेडशी माझी ओळख पी.पी. कॉलमुळे झाली. आता कुणाला हे माहीत नसेल. साधा कॉल म्हणजे त्या नंबरवर जो उचलेल त्याच्याशी बोला. पी.पी. कॉल म्हणजे अमुक एकच माणूस पाहिजे, तो येईपर्यंत आम्ही लाइन धरून थांबणार. धंतोलीतल्या दवाखान्यांतून असे कॉल फार यायचे. गावाकडून पेशंट घेऊन आलेला माणूस दवाखान्याच्या दारातल्या दुकानातून गावी फोन करायचा. उमरेडसारख्या गावात फोन असायचा किराणा दुकानात, आणि पाहिजे असलेला माणूस असायचा दोन गल्ल्या पलीकडे. दुकानदार म्हणायचा, ‘थांबा, बलावतो,’ आणि रिसीव्हर गल्ल्यावर ठेवून द्यायचा. मग तीन मिनिटं, पाच मिनिटं, कधी दहा. इकडच्या गिऱ्हाईकाला आम्ही बाजूला ठेवलेलं असे, त्याला आमचं काही ऐकू जात नसे. लाइनवर फक्त दोघी उरायच्या, मी नागपूर आणि ती उमरेड.

पहिल्या आठ-दहा वेळा आम्ही दोघीही गप्प राहिलो. मग एका दुपारी मला राहवलं नाही. मी विचारलं, ‘उमरेड, तुम्ही बसता तिथून काय दिसते वं?’

मला वाटलं, झालं, आता ही तक्रार करणार. मग आवाज आला, जाडसर, सावकाश, हसू दाबलेला.

‘एक भिंत दिसते. खिडकीतून पोस्टाचं अंगण. त्यात एक बकरी हाय, पोस्टमास्तरची. आत्ता ती कोणाची तरी मनीऑर्डर खाऊन राहिली असंन.’

मी इतक्या जोरात हसले की सुपरवायझरबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. तेवढ्यात तिकडचा माणूस आला, आम्ही लाइन जोडून दिली. पुढच्या पी.पी. कॉलला तिनंच सुरुवात केली. ‘आता माही पाळी. तुम्ही घरून निघता तेव्हा शेवटी कोणाशी बोलता?’

मी काहीतरी ठोकून देणार होते, पण प्रश्नच असा होता की खोटं सुचेना. म्हटलं, ‘सायकलशी. चेन पडू नको म्हणते तिले.’

असा तो खेळ सुरू झाला. नियम कुणी केले नाहीत, आपोआप झाले. एका कॉलला एक प्रश्न. एकदा तिचा, एकदा माझा. उत्तर खरं द्यायचं, नाहीतर ‘पुढचा’ म्हणून सोडून द्यायचं. माणूस आला की बोलणं तिथंच तोडायचं, भले वाक्य अर्धं राहो. महिन्याभरात ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं. ती माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी आहे, हे तिसऱ्या की चौथ्या प्रश्नाला कळलं होतं, पण लाइनवर वय दिसत नाही.

माझे प्रश्न उथळ असायचे हे मला आज कळतं. आवडती भाजी कोणती, घाबरतेस कशाला, शाळेत मार खाल्ला होतास का. तिला वांगं आवडायचं पण गावाच्या बाजाराचं नाही, मामाच्या वावरातलंच. ती कुत्र्याला घाबरायची नाही, पण घरात कुणी एकदम गप्प झालं की घाबरायची. तिचे प्रश्न मात्र घरी जाईपर्यंत डोक्यात राहायचे. ‘तुले एकटं बसायले मिळते का वं कधी?’ ‘तुझ्या हाताचं काम तुझ्या बापानं कधी वाखाणलं का?’ ‘शेवटचं रडली तेव्हा कोणाले दिसलं?’ मी दिवसभर शेकडो लोकांशी बोलायचे आणि असं कुणी मला विचारलेलं नव्हतं. मी तिला पाहिलेलं नव्हतं. ती काळी की गोरी, उंच की बुटकी, काही माहीत नव्हतं, आणि तरी आमच्या गल्लीतल्या कुठल्याही मुलीपेक्षा ती मला जास्त ठाऊक होती. मला ती फार आवडत होती. हे तेव्हाच तिला सांगायला हवं होतं.

चूक अशी झाली की मी हे सगळं घरी सांगायचे.

आमचं घर म्हणजे पुढच्या खोलीत जमिनीत खड्डा करून बसवलेला माग आणि मागच्या खोलीत आम्ही. मागावर माझा मोठा भाऊ बसायचा. वडिलांना दम लागायला लागल्यापासून घरातलं विणकाम त्याच्यावरच होतं. तो फार बोलायचा नाही. दिवसभर मागाच्या धोट्याचा आवाज करणाऱ्या माणसाला संध्याकाळी स्वतःचा आवाज ऐकायचा कंटाळा येत असावा, असं आम्ही समजायचो. त्याच्यासाठी मुली बघणं दोन वर्षांपासून चालू होतं. मुलीकडच्यांना मागावरचा मुलगा नको असायचा, गिरणीतला नाहीतर हापिसातला पाहिजे असायचा.

रात्रीच्या जेवणाला मी उमरेडची नवीन बातमी सांगायचे. आज उमरेड असं म्हणाली, आज उमरेडनं हे विचारलं. आई भाकरी थापता थापता हसायची. भाऊ खाली मान घालून जेवायचा. जेवण झालं तरी माझी गोष्ट संपेपर्यंत तो ताटावरून उठायचा नाही. याचा अर्थ लावायला काही फार अक्कल लागत नव्हती, पण तेवढीही मी खर्च केली नाही.

एके दिवशी आई म्हणाली, ‘तिच्या घरचे काय करते गा, विचारलं का तिले?’

आमच्याकडे बाईला ‘वं’ म्हणतात आणि पुरुषाला ‘गा’; आईचा हा ‘गा’ माझ्यासाठी नव्हता, भावाकडे बघत निघून गेला होता. मी दुसऱ्या दिवशी विचारलं. उमरेड म्हणाली, ‘बाप माग चालवते. आता डोळ्यानं कमी दिसते, तरी चालवते.’ मी घरी येऊन सांगितलं. आईची तव्यावरची भाकरी करपली.

तिथून पुढे माझे प्रश्न माझे राहिले नाहीत. आई सकाळी डब्याबरोबर प्रश्न बांधून द्यायची. कुलदैवत कोणतं ते विचार. मामा कुठले ते विचार. चष्मा हाय का विचार. सैपाक येते का ते सरळ नको विचारू, घरात कोण करते असं विचार. मला त्यात मजाच वाटत होती. एरवी मुलगी बघायला पाच माणसं पोहे खायला जातात, मी तर बोर्डावर बसल्या बसल्या मुलगी बघत होते, आणि मुलीला पत्ता नव्हता. निदान मला असं वाटत होतं. शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या माझ्या मैत्रिणीला मी हे सगळं सांगायचे. ती म्हणायची, ‘तू तर आख्खं स्थळच लाइनवर जोडून राहिली.’

उमरेड उत्तरं देत होती. तिचेही प्रश्न चालू होते, पण मी आता माझ्या उत्तरांत फार वेळ घालवत नव्हते. कधी माझी पाळी येते याची वाट बघायचे.

मग आईनं तो प्रश्न दिला. ‘एवढी सत्तावीस वर्षाची झाली, नोकरी हाय, मग लग्न काहून नाही झालं, विचार.’

मी विचारलं. दुपारची वेळ होती, कोणा विडी कारखान्याच्या मुनीमाला शोधायला तिकडचा दुकानदार गेला होता. लाइन तुटली असं वाटून मी ‘उमरेड?’ म्हणून पाहिलं.

‘हाय मी,’ ती म्हणाली. ‘झालं होतं लग्न. चार महिने. मग मी परत आली.’

‘काहून वं?’

‘हा दुसरा प्रश्न झाला. एका कॉलले एक.’

दोन दिवस पी.पी. कॉल आला नाही. उमरेडचा कॉल नोंदलेलं जे तिकीट येईल त्यावर मी झडप घालत होते. शेवटी धंतोलीहून एक आला, आणि दुकानदार माणूस बोलवायला गेल्याबरोबर तिनं आपणहून सांगितलं.

‘त्याले नोकरीवाली बायको पाह्यजे होती, अन् घरी आली की मुकी पाह्यजे होती. मी दिवसभर बोलणारी बाई. घरी बोललं की तो मारे. चौथ्या महिन्यात मी बापाच्या घरी आली, अन् पंचायतीत बसून सोडचिठ्ठी घेतली.’ मग पुढे म्हणाली, ‘गावात सगळ्यायले माहीत हाय की मी परत आली. पण काहून आली, हे मले आजपर्यंत कोणी विचारलंच नाही. सगळे मनानंच ठरवून बसले. तू विचारलं, म्हणून तुले सांगतलं.’

माणूस आला. लाइन जोडून दिली. मला तिला म्हणायचं होतं की तू बरोबर केलंस, आणि मी ते पुढच्या कॉलला म्हणणार होते.

त्याऐवजी संध्याकाळी मी घरी जाऊन ते सगळं आईला सांगितलं. उमरेडनं विश्वासानं जे फक्त मला दिलं होतं, ते मी वांग्याच्या भाजीबरोबर ताटात वाढलं. आई ऐकत गेली आणि तिचा चेहरा बदलत गेला. सोडचिठ्ठी झालेल्या बाईचं दुसरं लग्न आमच्या लोकांत होतं. त्याला पाट लावणं म्हणतात, आणि त्यात कुणी पाप मानत नाही. पण ते बिजवराचं काम. ‘घरातलं पहिलं कार्य,’ आई म्हणाली, ‘कुवारं पोरगं, अन् त्याचा पाट लावू? लोकं म्हणतील याच्यात काय खोट हाय.’ वडील काही बोलले नाहीत. भाऊ ताटावर बसलेला होता, तोही काही बोलला नाही. आणि मी, जगाला प्रश्न विचारत फिरणारी, मूग गिळून बसले. उमरेड कशी आहे हे त्या घरात फक्त मला माहीत होतं. मी म्हणू शकत होते की आई, हिच्यासारखी बाई तुला दिवा घेऊन शोधली तरी मिळायची नाही. मी पाणी प्यायले आणि हात धुतले.

त्याच आठवड्यात पवनीचं स्थळ आलं. मुलगी चांगली होती, घरात माग होता, पहिलंच लग्न. आईनं होकार कळवून टाकला.

आता सांगते ती कळेची गोष्ट.

दुपारी तीनच्या सुमाराला धंतोलीहून उमरेडचा पी.पी. कॉल आला. उमरेडनं नंबर लावला, दुकानदार माणूस बोलवायला गेला. माझ्या प्रश्नाची पाळी होती, पण ती म्हणाली, ‘थांब, दुसरी लाइन वाजून राहिली, आली मी.’ मी थांबले. अशा वेळी कळ मधे सोडून द्यायची, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलेलं. हात आपोआप तिथं जायचा. त्या दिवशी मैत्रिणीनं बाजूनं विचारलं, ‘उमरेडचं काय झालं मग?’ आणि माझा हात गेला नाही. मी खुर्चीतच तिच्याकडे वळले. बोलण्याचा कर्णा गळ्यातच होता.

‘मिटलं ते,’ मी म्हटलं. ‘आई नाही म्हणे. सोडलेली बाई हाय ना. पवनीची पोरगी ठरली दादाले. उमरेडले काही सांगतलं नाही मी. अजून दोन-चार प्रश्न विचारत राहीन असेच. एकदम बंद केलं तर तिले संशय येईल ना वं.’

मैत्रीण हसली. मीही हसले बहुतेक. आणि कानात आवाज आला, अगदी स्वच्छ, एकही खरखर नाही.

‘नागपूर, पार्टी आली. बोला.’

मी कळेकडे पाहिलं. ती माझ्याकडेच ओढलेली होती. धंतोलीच्या गिऱ्हाईकाला जोडायचंच राहून गेलं, आणि तो तिकडून ‘हॅलो, हॅलो’ करत राहिला. ती दुसरी लाइन सोडून कधी परत आली होती, किती ऐकलं होतं, हे विचारायची सोय नव्हती. ‘बोला’ या एका शब्दात सगळं आलं होतं.

त्यानंतर मला उमरेडमध्ये फक्त ऑपरेटर मिळाली. कामात एक चूक नाही, एक मिनिट उशीर नाही. ‘बोला नागपूर.’ ‘होल्ड करा.’ ‘पार्टी आली.’ मी एकदा म्हटलं, ‘उमरेड, माझं ऐक ना.’ ती म्हणाली, ‘कामाचं बोला.’ पी.पी. कॉल पूर्वीसारखेच येत होते. पूर्वीसारखाच दुकानदार माणूस शोधायला जायचा, आणि ती पाच-पाच मिनिटं आम्ही दोघी लाइनवर गप्प बसायचो. मला तिचा श्वास ऐकू यायचा. असली शिक्षा मला घरी कधी कुणी दिली नव्हती. मी रात्री जेवताना बोलणं बंद केलं. आईला वाटलं कामाचा थकवा आहे.

मधल्या काळात पवनीला साखरपुडा झाला. भावानं नवा शर्ट घातला, सांगितलं तिथं बसला, सांगितलं तेव्हा उठला.

साखरपुड्यानंतर चार दिवसांनी माझी सुट्टी होती. मैत्रिणीकडे जाते म्हणून निघाले आणि उमरेडची एस.टी. पकडली. काय बोलायचं ते खिडकीशी बसून पाठ करत होते. मी अनेक वाक्यं तयार केली होती आणि उतरेपर्यंत सगळी विसरले.

पोस्टाच्या मागच्या खोलीत एक्स्चेंज होतं. आमच्या बोर्डापुढे तिचा बोर्ड म्हणजे खेळणं. त्याच्यासमोर एक ठेंगणी, सावळी बाई पाठ ताठ करून बसली होती. हिरव्या काठाचं पांढरं लुगडं, जाड चष्मा. मी एक वेगळीच बाई मनात रंगवली होती, उंच, हसरी. क्षणभर मला वाटलं, ही नव्हे. मग तिनं लाइनवर कुणाला तरी ‘होल्ड करा’ म्हटलं, आणि तो आवाज त्या अनोळखी तोंडातून येताना बघून मला रडूच आलं.

‘कोण पाह्यजे?’ तिनं विचारलं.

मी म्हटलं, ‘मी नागपूर.’

तिनं मला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं. घाई केली नाही. मग पायानं एक स्टूल माझ्याकडे सरकवलं. मी बसले आणि सुरू झाले. की माझी चूक झाली, की तू मला सांगितलेलं मी घरी सांगायला नको होतं, की ते प्रश्न आईचे होते.

‘ते समजलं मले,’ ती म्हणाली. ‘कुलदैवत विचारलं तेव्हाच समजलं. मी काय लहान हाय का? पोरीपोरीत कोणी कुलदैवत विचारते?’

‘मग उत्तरं काहून दिली?’

ती बोर्डाकडे बघत होती. ‘वाटलं, विचारून राहिली तर विचारू दे. कधी नाही ते कोणी विचारून तर राहिलं.’ मग चष्मा काढून पदरानं पुसत म्हणाली, ‘झालं त्याचा राग नाही मले. तुझी माय तिच्या जागी बरोबर हाय. तू मागून बोलली, त्याचा आला. अजून हाय.’

‘मले माफ कर,’ मी म्हटलं.

बोर्डावर कॉल आल्याचं एक झाकण पडलं, तिनं कॉल घेतला, नंबर लावला, आणि पलीकडच्याला थांबायला सांगितलं. कुणाला तरी बोलवायला माणूस गेला होता. तिनं कळ मधे सोडली. मी बघत होते, तिचा हात आपोआप गेला. मग ती खुर्चीत माझ्याकडे वळली.

‘एक विचारू? त्यानंतर नाही विचारणार.’

मी मान हलवली.

‘तुझ्या मायनं नाही म्हटलं. तुझा भाऊ काय म्हणे?’

मी तोंड उघडलं. काहीतरी गोड सांगता आलं असतं. त्याला तू आवडली होतीस, किंवा त्याचा काही विचारच नव्हता, दोन्हींतलं कोणतंही एक सांगून मी सुटले असते. पण मला माहीतच नव्हतं. इतक्या महिन्यांत मी एका न पाहिलेल्या बाईला शंभर गोष्टी विचारल्या, आणि एका ताटापलीकडे बसलेल्या सख्ख्या भावाला एकही नाही.

‘त्याले कोणी विचारलंच नाही,’ मी म्हटलं.

‘हं,’ ती म्हणाली. पलीकडचा माणूस आला. तिनं कळ ओढली आणि कामाला लागली. निघताना मी ‘येते’ म्हटलं. तिनं बोर्डाकडे बघतच मान हलवली.

घरी पोचले तेव्हा उन्हं उतरली होती. आई पाणी भरायला गेली होती. भाऊ मागावर होता. मी त्याच्यासमोर जमिनीवर बसले. तो विणत राहिला. मी म्हटलं, ‘दादा, मी उमरेडले गेली होती.’

धोटा थांबला.

‘तुले ती पसंत होती का?’

त्यानं माझ्याकडे पाहिलं. तो रागावलेला मी फारसा पाहिलेला नाही, आणि तेव्हाही तो राग नसावा. तो म्हणाला, ‘आता काहून विचारून राहिली वं?’

त्यानं एक तुटलेला धागा शोधला, बोटानं पिळून जोडला, पुन्हा पुन्हा चाचपून पाहिला. मला वाटलं विषय संपला. मी उठणार तेवढ्यात तो खाली बघतच म्हणाला, ‘बरी हाय ना ती?’

‘बरी हाय,’ मी म्हटलं.

त्यानं मान हलवली आणि धोटा सोडला. तिच्याबद्दल त्यानं मला विचारलेला तो पहिला प्रश्न होता, आणि पंधरा दिवसांनी त्याचं लग्न होतं.